एक्केचाळीसवर अडकलेला आकडा

अल्का गणवीर घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून पाहायची. फाटकापर्यंत गेली तरी मागे वळून चौथ्यांदा यायची. तिची आई कलाबाई विड्या वळता वळता म्हणायची, "अवं, मी घरातच बसून आहो ना! कुलूप कायले लावून राहिली?"

हा घोर तिला लहानपणीच लागला होता. नागऱ्याजवळच्या त्यांच्या गावात तिचा मोठा भाऊ संघदीप पावसाळा आला की हाडं दुखतात म्हणून रडायचा. डोळे पिवळे व्हायचे, बोटं सुजायची. कोणी वात म्हटलं, कोणी बाहेरचं म्हटलं. बाप केवळराम गोंदियाच्या राईस मिलमध्ये कामाला होता. तो पोराला खांद्यावर घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरला. अकराव्या वर्षी संघदीप गेला. काय झालं होतं, ते घरात कोणालाच कळलं नाही. अल्का तेव्हा आठ वर्षांची होती. तेव्हापासून कोणीही "काही नाही, ठीक आहे" म्हटलं की ती स्वतः पुन्हा पाहून घ्यायची.

१९९९ साली बारावी झाल्यावर तिने गोंदियात कॉम्प्युटर हार्डवेअरच्या कोर्सला नाव घातलं. कापडाच्या दुकानावरची एक खोली, बावीस पोरं आणि त्यात ही एकटी मुलगी. शिकवणारे सर हिंदीतून बोलायचे. "डरती बहुत है, लेकिन हाथ साफ है इसका," असं ते तिच्याबद्दल इतरांना सांगायचे. अल्का पुन्हा पुन्हा पाहायची, म्हणून तिने जोडलेलं मशीन सहसा परत यायचं नाही.

२००३ मध्ये तिला देवरीला एका ट्रस्टच्या दवाखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटरची नोकरी लागली. हा दवाखाना गावोगावी शिबिरं घेऊन सिकलसेलसाठी रक्त तपासायचा. हा रक्ताचा जन्मजात आजार. आईबाप दोघांकडून तो दोष आला तर मूल आजारी पडतं. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक राहतो. त्याला स्वतःला त्रास नसतो, पण दोन वाहकांचं लग्न झालं तर पोरांना धोका. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात डॉक्टर भूपेंद्र कापगते तिला हे समजावून सांगत होते. हाडांचं दुखणं, पिवळे डोळे, सुजलेली बोटं. अल्काने ती लक्षणं त्यांना पुन्हा सांगायला लावली. संघदीपला काय झालं होतं, ते तिला चौदा वर्षांनी कळत होतं. तिने त्याच दिवशी स्वतःचं रक्त दिलं. ती वाहक निघाली.

तेव्हापासून ते काम तिच्यासाठी नुसती नोकरी राहिलं नाही.

तपासणीची पद्धत अशी होती. शिबिरात रक्त घेताना नळीवर फक्त नंबर टाकायचा. नमुने बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जायचे आणि तिकडून निकालाचा कागद यायचा, त्यावरही नंबरच. कोणता नंबर कोणाचा, ते दवाखान्यातल्या एका कॉम्प्युटरात असायचं. अल्का कागद पाहून एकेका नंबरापुढे निकाल टाकायची, मग कार्डं छापली जायची. उन्हाळ्यात या कार्डांची वाट पाहिली जायची, कारण लग्नं जुळलेली असायची.

२००९ च्या मे महिन्यात त्या कॉम्प्युटरला खोड लागली. भर दुपारी, काम चालू असताना, तो खटकन बंद व्हायचा. सूचना नाही, आवाज नाही, पडदा एकदम काळा. आधी सगळ्यांनी लोडशेडिंगला शिव्या दिल्या. मग इन्व्हर्टर तपासला, तो चांगला होता. दवाखान्याचं व्यवस्थापन पाहणारे ईश्वरदासजी लंजे पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मशीन गरम नाई होऊन राहिली. पाय ना, एक्केचाळीस."

पडद्याच्या कोपऱ्यात खरंच तसा आकडा दिसायचा. नागपूरहून येऊन एका कार्यकर्त्याने त्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स बसवलं होतं आणि मदरबोर्डवरच्या सेन्सरचं तापमान दाखवणारा छोटा प्रोग्रॅमही लावून दिला होता. ऐंशीच्या वर गेलं तर मशीन बंद करा, असं तो सांगून गेला होता. एक्केचाळीस म्हणजे काळजीचं काही कारण नव्हतं.

अठरा तारखेला दुपारी बाराच्या सुमारास चिचगडकडच्या एका खेड्यातून यादोराव नावाचा माणूस आला. त्याच्या डोक्याला पंचा बांधलेला होता आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. त्याच्या मुलीचं, रीनाचं, सत्तावीस तारखेला लग्न होतं. त्याने अल्काच्या टेबलावर दोन कार्डं ठेवली. एक चार वर्षांपूर्वीचं, शाळेतल्या तपासणीचं. त्यावर लिहिलं होतं, 'वाहक'. दुसरं चार दिवसांपूर्वी याच दवाखान्यातून गेलेलं. त्यावर होतं, 'निर्दोष'.

"मॅडम, पोरीचा दोष गेला ना?" तो म्हणाला. "औषध नाई, पाणी नाई, आपोआप गेला! देवच पावला म्हणा ना."

अल्काने दोन्ही कार्डं हातात घेतली. रक्तातला हा दोष जात नाही. एक तर शाळेतलं कार्ड चुकलं होतं, नाही तर तिचं. 

"बसा बापू, पाणी प्या. मी पाहते," ती कशीबशी म्हणाली.

तिने कपाटातून निकालाचा कागद काढला. रीनाचा नंबर दोनशे एकवीस. कागदावर दोनशे एकवीसपुढे होतं 'वाहक'. कॉम्प्युटरात होतं 'निर्दोष'. तिने खालचा नंबर पाहिला. दोनशे बावीस, कागदावर 'निर्दोष'. कॉम्प्युटरात दोनशे एकवीसच्या ओळीत तेच बसलं होतं. मग ती वर वर जात राहिली आणि दोनशे अठरापाशी थांबली.

तिला तो दिवस आठवला. दहा तारीख, दुपारचे दोन वाजलेले. दोनशे अठराचा निकाल टाकून तिने बटण दाबलं आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तिने दोनशे अठरा झाला असं धरलं आणि कागदावर बोट दोनशे एकोणीसवर ठेवून टाकत गेली. पण दोनशे अठरा आत गेलाच नव्हता. कॉम्प्युटर पहिली रिकामी ओळ पुढे करायचा, म्हणून त्याच्या ओळीत दोनशे एकोणीसचा निकाल बसला आणि तिथून पुढे सगळे एकेक ओळ वर सरकले. शेवटचा दोनशे सेहेचाळीस रिकामा राहिला, तेव्हा तिने तो नमुना खराब झाला असेल असं समजून सोडून दिला. तसे नमुने अधूनमधून खराब होतच असत.

तीनदा कुलूप ओढणाऱ्या अल्काची कागदावरून शेवटची नजर फिरवायची तेवढी राहिली होती. अठ्ठावीस कार्डं. सगळी वाटून झालेली.

तिथल्या तिथे रीनाचं एक कार्ड बदलून दिलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. हा विचार तिच्या मनात आला, हे तिने पुढे आईला सांगितलं. पण बाकीच्या सत्तावीस जणांचं काय, या भीतीने तो विचार टिकला नाही. ती उठली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली. आत पेशंट होता. त्याच्यासमोरच तिच्या तोंडून निघालं, "सर, माझ्या हातून अठ्ठावीस कार्डं चुकली."

डॉक्टर कापगते फटकळ माणूस. पेशंट गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "रडू नको. कागद आण. कोणाचं काय बदलते ते आधी काढू."

बहुतेकांचा निकाल शेजाऱ्यासारखाच निर्दोष होता, म्हणून ओळ सरकूनही फरक पडला नव्हता. खरा फरक सात जणांचा होता. यादोरावला डॉक्टरांनी स्वतः समोर बसवून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे लग्न मोडायचं का?"

"काऊन मोडायचं? पोरगा तपासला का?"

"नाई."

"मग त्याले उद्या घेऊन या. तो निर्दोष असला तर चिंता नाई."

यादोराव उठला. जाताना त्याने अल्काकडे पाहिलं नाही.

जीप दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मिळणार होती. सात कार्डं डॉक्टरांनी हातानेच लिहिली, कारण आता त्या मशीनवर कोणाचा भरवसा उरला नव्हता. संध्याकाळी खोलीत ईश्वरदासजींनी विषय काढलाच. "मशीनले कायले दोष देता? एक्केचाळीस दाखवते. माणसाचं ध्यान नाई, हे म्हणा."

 चूक अल्काचीच होती. मान खाली घालून ती बसली होती, तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या तापमापकावर गेली. दवाखान्याच्या छोट्या प्रयोगशाळेचे शालीकराम त्याच्याकडे पाहून रोज वहीत नोंद करायचे. पारा चव्वेचाळीसवर होता.

खोलीच चव्वेचाळीस. मग तिच्या आत पेटीत बंद असलेलं, दिवसभर चाललेलं मशीन एक्केचाळीस कसं?

तिने वही मागितली आणि पानं उलटली. खोलीतला पारा रोज वरखाली झालेला होता. तिला आठवत होतं, सकाळी मशीन सुरू केलं तेव्हाही आकडा एक्केचाळीसच होता. काल, परवाही. तो आकडा कधी हललेलाच नव्हता.

"सर, हा आकडा खोटा आहे," ती म्हणाली. दुपारपासून पहिल्यांदाच तिचा आवाज नीट फुटला.

तिने मशीन बंद करून पेटी उघडली. मदरबोर्डच्या कडेला नखाएवढी एक काळी चौकोनी चिप होती. तापमान, पंख्याचा वेग, विजेचा दाब मोजणारी तीच, हे तिला कोर्समध्ये शिकवलेलं होतं. चिपवर धूळ बसलेली. तिने स्पिरिटच्या कापसाने ती पुसली, शालीकरामांचं भिंग धरलं आणि वरचा नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचला. शालीकरामांनी तो लिहून घेतला. मग नागपूरच्या कार्यकर्त्याने लावलेल्या प्रोग्रॅमची फाइल उघडून पाहिली, तर तिथे दुसऱ्याच चिपचं नाव होतं. त्याने दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवरची फाइल जशीच्या तशी आणून चिकटवली होती आणि प्रोग्रॅमला तीच चिप आहे असं बळजबरीने मानायला लावलं होतं. प्रोग्रॅम बिचारा भलत्याच जागी वाचत होता आणि तिथे पडून असलेला एक आकडा तापमान म्हणून दाखवत होता.

बसस्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत बसून तिने तो नंबर शोधला. त्या चिपचे आकडे वाचायला कोणता ड्रायव्हर, म्हणजे जोडणारा प्रोग्रॅम, लागतो ते मिळालं. चिप खात्रीने ओळखायची तर एक तपासणीचा प्रोग्रॅम चालवायचा, हेही मिळालं. पण खाली इशारा होता. हा प्रोग्रॅम बोर्डवरच्या एकेका पत्त्यावर जाऊन कोण आहे ते चाचपून पाहतो. क्वचित एखाद्या मशीनवर त्याने बिघाड होऊ शकतो.

तो इशारा तिने पाच वेळा वाचला. त्या मशीनमध्ये अकरा हजार माणसांची नावं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, खोली गार असताना, अल्का, डॉक्टर आणि शालीकराम मशीनसमोर होते. तिने सगळी माहिती आधी पेनड्राइव्हवर घेतली, मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर. दोन्ही शेजारच्या मशीनवर उघडून पाहिली. पुन्हा उघडून पाहिली.

"झालं ना?" डॉक्टर म्हणाले.

"सर, मशीन बसलं तर?"

"बसलं तर बसलं. पुढच्या आठवड्यात ककोडीच्या शिबिराचे निकाल येते. या मशीनवर ते टाकायची तुझी हिंमत आहे का?"

नव्हती. तिने प्रोग्रॅम सुरू केला.

तो प्रश्न विचारायचा, हो की नाही. इथे पाहू का? तिथे पाहू का? प्रत्येक प्रश्नाला अल्का आधी वाचायची, मग शालीकरामांना मोठ्याने वाचून दाखवायची आणि मगच बटण दाबायची. एका प्रश्नानंतर पडदा थांबला. काही हलेना.  दहा सेकंद, पंधरा सेकंद. शालीकरामांनी खिशातून रुमाल काढला. मग एक ओळ उमटली. चिप सापडली होती, आणि नंबर तोच होता जो काल भिंगातून वाचला होता.

योग्य ड्रायव्हर लावून तिने आकडे मागवले. पंखा ठीक फिरत होता. आणि तापमान होतं एक्क्याऐंशी. सकाळच्या गारव्यात, काही काम नसताना. पाहता पाहता त्र्याऐंशी झालं. खात्री करायला तिने मशीन पुन्हा सुरू करून डिलीट बटण दाबलं. मशीन जागं होताना जो निळा पडदा येतो, त्यातही बोर्ड स्वतःचं तापमान सांगतो. तिथेही ब्याऐंशी.

"म्हणजे दुपारी हे शंभरावर जाऊन जीव वाचवायले आपणच बंद होत असंल," डॉक्टर म्हणाले.

पंखा फिरतो आणि तरी ताप उतरत नाही, म्हणजे पंख्याखालचा धातूचा ठोकळा प्रोसेसरला टेकत नसणार. तिने बोटाने तो हलवला. एका कोपऱ्यातून तो डुगडुगला. त्याला धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा पाय तडकला होता. एवढ्याशा पायाने हे सगळं घडवलं होतं.

ईश्वरदासजी साडेनऊला आले. अल्काने त्यांना तडकलेला पाय आणि नवा आकडा दाखवला. त्यांनी स्वतः बोटाने तो ठोकळा हलवून पाहिला. मग म्हणाले, "गोंदियाले मिळते का हा पाय? मी आणतो." संध्याकाळी त्यांनी पाय आणला, वर ठोकळ्याखाली लावायच्या पेस्टची नळीही. तापमान एकोणसाठवर आलं. अल्काने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पंच्याहत्तर झालं की मशीन वाजेल आणि हातातलं काम जपून ठेवेल. त्या दिवसापासून निकाल टाकताना शालीकराम नंबर आणि नाव मोठ्याने वाचू लागले आणि ओळीच्या शेवटी दोघं एकमेकांकडे पाहून मगच पुढे जायचे.

पण मशीन सुधारलं म्हणून गावोगावची कार्डं सुधारत नव्हती. त्याच सकाळी दहाला जीप निघाली होती. पहिलं घर उदाराम नावाच्या म्हाताऱ्याचं. त्याला आजार नसताना आजाराचं कार्ड गेलं होतं. दवाखान्यात बोलावलं होतं तरी तो आला नव्हता. खाटेवर पडून होता आणि सुना त्याला कामाला हात लावू देत नव्हत्या. तो निर्दोष आहे असं अल्काने सांगितलं तेव्हा तो नाराजच झाला. "राहू द्या ना ते कार्ड," म्हणाला. शालीकरामांना हसू आवरेना. अल्का हसली नाही. तिच्या हातातली यादी तिला दिसत होती. उदारामच्या आजाराचा खरा धनी यादीत त्याच्या पुढच्या नंबरावर होता.

दोनशे तेहेतीस. करिश्मा, वय सहा, आई शामकला. खरा निकाल: आजार आहे. हातात गेलेलं कार्ड: निर्दोष.

घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "ते तं गेले राजनांदगावकडं, कामाले. धानाचा रोवणा लागल्यावर येतील."

"फोन?"

"फोन कुठला आला, बाई!"

बाकी सहा घरं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी झाली. रीनाच्या नवऱ्या मुलाचं रक्त तपासलं, तो निर्दोष निघाला, लग्न ठरल्या दिवशी लागलं. पण करिश्मा कुठे होती ते कोणाला ठाऊक नव्हतं. कडक ऊन, पाणी कमी, बापाच्या कामाच्या जागी झोपडी. सिकलसेलच्या मुलांना हे किती घातक, ते अल्काला आता पुस्तकातलं आणि घरातलं दोन्ही माहीत होतं. तिने राजनांदगावच्या दोन दवाखान्यांना पत्रं टाकली. गावच्या आशाताईला निरोप देऊन ठेवला. दर रविवारी बसने जाऊन ती त्या कुलपासमोर उभी राहायची आणि परत यायची. जेवण जाईना. कलाबाईने एकदा ताट पुढे सरकवत विचारलं, "आपला संघू आठवून राहिला का तुले?" अल्काने होकाराची मान हलवली. 

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आशाताईचा फोन आला. शामकला आली होती.

अल्का आणि डॉक्टर पोहोचले तेव्हा करिश्मा पडवीत पोत्यावर निजलेली होती. डोळे पिवळे, हाताची बोटं सुजलेली. राजनांदगावला दोनदा तिचे हातपाय असेच दुखले होते. तिकडच्या डॉक्टरने सिकलसेलचं विचारलंही होतं. शामकलाने पदराच्या गाठीतून कार्ड काढून दाखवलं होतं, निर्दोष. मग त्याने वाताच्या गोळ्या दिल्या.

शामकलाने ते कार्ड आताही गाठीतून काढलं. "हे कोणं लिवलं?"

डॉक्टर बोलायला तोंड उघडत होते. अल्का आधी म्हणाली, "मी. चूक माझी आहे."

शामकला ओरडली नाही. तिने कार्ड खाली ठेवलं, पोरीला उचललं आणि जीपकडे चालू लागली.

करिश्मा अकरा दिवस दवाखान्यात राहिली. सलाइन लागलं, एकदा रक्त द्यावं लागलं. नंतर रोजच्या गोळ्या, भरपूर पाणी, ऊन टाळायचं, ताप आला की लगेच यायचं, हे सगळं सुरू झालं. शामकला दर महिन्याला यायची. पण गोळ्या शालीकरामांच्या हातून घ्यायची. अल्काच्या टेबलासमोरून जाताना पदर पुढे ओढून घ्यायची. हे दीड वर्ष चाललं. अल्काने कधी तिला थांबवलं नाही. ती पडद्यावर करिश्माची नोंद उघडून तारीख तेवढी टाकायची, कागदाशी ताडून पाहायची आणि पुन्हा ताडून पाहायची.

ट्रस्टच्या बाकीच्या केंद्रांवरची मशीनंही डॉक्टरांनी मग तिच्याकडून तपासून घेतली. पेटी उघडायची, चिपचा नंबर भिंगाने वाचायचा, प्रोग्रॅम कोणती चिप समजून बसला आहे ते पाहायचं आणि निळ्या पडद्याशी जुळवायचं. नऊ मशीनं निघाली. त्यातल्या दोन मशीनचे आकडे खोटे होते.

२०११ च्या जानेवारीत एका दुपारी शालीकराम सुट्टीवर होते. शामकला गोळ्यांसाठी दारात येऊन थबकली, मग आत आली आणि अल्कासमोरच्या बाकावर बसली. करिश्मा तिसरीत गेली होती. गेल्या सात महिन्यांत एकदाही दुखणं आलं नव्हतं. अल्काने गोळ्या मोजून दिल्या. शामकलाने त्या घेतल्या, तिच्यासमोरच स्वतः पुन्हा एकदा मोजल्या आणि गाठीत बांधल्या.

"बरोबर आहेत," ती म्हणाली.